आईचा डोळा, सतरा वर्षांची शुगर आणि दादरचं कॉर्निया क्लिनिक

दादर वेस्टला स्टेशनपासून चालत दहाएक मिनिटांवर दुसऱ्या मजल्यावर एक डोळ्यांचं क्लिनिक आहे, तिथे फक्त कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, बघणाऱ्या डॉक्टर मॅडम आठवड्यातून तीन दिवस बसतात. गेल्या पाच महिन्यांत आईला घेऊन मी तिथे अकरा वेळा गेले, त्यामुळे रिव्ह्यू लिहायचा थोडा तरी हक्क आहे असं वाटतं. नाव लिहीत नाहीये, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत आणि त्यावरून तिथे काऊंटरवर उभ्या राहणाऱ्या पोरींना कोणी ओरडावं असं मला वाटत नाही. शिवाय कॉर्नियाचा डॉक्टर कुठला का असेना, शुगरच्या पेशंटचा डोळा तपासताना काय काय व्हायला पाहिजे ते कळावं म्हणून लिहितेय, मला ते कळायला फार उशीर झाला.

आई त्रेसष्ट वर्षांची, शुगर सतरा वर्षांपासून. गोळ्या कधी चुकवत नाही पण तीन महिन्यांची शुगर, ते एचबीएवनसी म्हणतात ना, ती तोवर कधी आठच्या खाली आली नव्हती. डोळ्यांच्या बाबतीत आम्ही निष्काळजी नव्हतो हं. दरवर्षी एका ठिकाणी पडदा तपासून घ्यायचो, डोळ्यात ड्रॉप टाकून बाहुली मोठी करून आत बघतात ते, आणि दरवर्षी रिपोर्ट नॉर्मल. त्यामुळे घरात सगळ्यांच्या डोक्यात एकच, आईचे डोळे ठीक आहेत. शुगर म्हटली की पडदा, मोतीबिंदू, काचबिंदू एवढंच ऐकलेलं. डोळ्याच्या पुढच्या काचेलाही शुगर धरते हे या सतरा वर्षांत आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

झालं असं की गणपतीच्या आधीची साफसफाई. आई भांडुपला भावाकडे असते, मी मुलुंडला. वहिनी कामावर गेलेली, आई स्टुलावर चढून माळ्यावरची जळमटं काढत होती हिराच्या झाडूने, आणि झाडूचं टोक की वरून काही पडलं कोण जाणे, उजव्या डोळ्याला काहीतरी लागलं. रात्री फोनवर मला म्हणाली, जरा खुपल्यासारखं झालं होतं, पाणी मारलं, आता काही नाही. मी विचारलं दुखतंय का. म्हणाली, अजिबात नाही गं. आणि मी फोन ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी डोळा लाल, पाणी येतंय. पावसाळ्याचे दिवस, बिल्डिंगमध्ये दोन-तीन जणांचे डोळे आलेले, त्यामुळे सगळ्यांनी ठरवून टाकलं की आईचेही डोळे आले. शेजारच्या काकूंनी मध घालायला सांगितलं, नशीब की वहिनीने घालू दिलं नाही. भावाने मेडिकलमधून ड्रॉप आणला, दुकानदाराने विचारलं काय होतंय, भावाने सांगितलं डोळा लाल आहे, त्याने बाटली दिली. लाली दोन दिवसात कमी झाली आणि आम्हाला हायसं वाटलं. त्या बाटलीत स्टेरॉइड होतं. हे नंतर कळलं.

आठव्या दिवशी वहिनीने आईला खिडकीजवळ उभं करून डोळा बघितला तर बुबुळावर बाजूला एक पांढुरका ठिपका. मामी बघायला आली होती ती म्हणाली, अगंबाई फूल पडतंय की काय डोळ्यात. आई तेव्हाही म्हणत होती की दुखत नाहीये, थोडं धुरकट दिसतं इतकंच. फॅमिली डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं आणि पहिलं वाक्य काय म्हणाले तर, पडद्याच्या डॉक्टरकडे जाऊ नका, कॉर्नियावाला गाठा आणि उद्यावर टाकू नका. असं आम्ही या क्लिनिकला पोचलो.

आता क्लिनिकबद्दल. जागा लहान आहे, बसायला पंधरा-सोळा खुर्च्या, स्वच्छ. लिफ्ट आहे पण फार अरुंद, व्हीलचेअर आत जाणार नाही. भांडुपहून स्लो ट्रेनने दादर आणि मग पूल ओलांडून वेस्टला, आईला ते जमलं, पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी टॅक्सीचा हिशोब करून जा. पहिल्या दिवशी आम्हाला इमर्जन्सी म्हणून मध्ये घेतलं तरी चाळीस मिनिटं गेली, पुढच्या व्हिजिटना तर अपॉइंटमेंट असूनही दीड-दोन तास, एकदा दोन तास दहा मिनिटं. आणि वेटिंगमध्ये एसी असा की अंगावर शाल घ्यावी लागते. कोरड्या डोळ्यांचे पेशंट जिथे बसणार तिथे एसीचा झोत थेट चेहऱ्यावर, हे मला पटलं नाही, मी बोलून दाखवलं, पुढच्या वेळी त्याची दिशा वर केलेली होती. ऐकतात हे चांगलं आहे.

आधी एक ऑप्टोमेट्रिस्ट मुलगी बोलावते, चष्म्याचा नंबर, किती दिसतं वगैरे. तिने शुगर किती वर्षं हे विचारल्याबरोबर फाइलवर वर एक लाल स्टिकर लावला. मी विचारलं हे काय, तर म्हणाली शुगरवाल्या पेशंटच्या डोळ्यात मॅडमनी कापूस लावून बघेपर्यंत आम्ही बधिर करायचा ड्रॉप टाकत नाही. तेव्हा मला काही कळलं नाही. आता वाटतं की या क्लिनिकमधली सगळ्यात चांगली गोष्ट तो लाल स्टिकर आहे.

मॅडमनी आधी आईशी बोलून घेतलं. काकू, डोळ्यात काय गेलं, झाडू कशाचा होता, कुठला ड्रॉप टाकला, बाटली आणलीत का. बाटली मी आणली होती पर्समध्ये, ती बघून त्या काही क्षण गप्प झाल्या, मग म्हणाल्या हा आजपासून बंद, फेकून द्या. ओरडल्या नाहीत. मग नवीन कापूस घेतला, त्याचा एक धागा ओढून टोकदार केला, आईला समोर बघायला सांगितलं आणि बाजूने हळूच ते टोक डाव्या डोळ्याच्या, म्हणजे चांगल्या डोळ्याच्या काचेला टेकवलं. आईने जरा उशिराने पापणी मिटली. मग उजव्या डोळ्याला. काहीच नाही. कापसाचा धागा डोळ्याला लागलेला मला समोरून दिसत होता आणि आई शांत बघत बसली होती, म्हणाली, लावा की. मॅडम म्हणाल्या, लावलाय काकू.

माझ्या पोटात गोळा आला. माझा विश्वास बसेना म्हणून मी विचारलं की नॉर्मल माणसाला काय होतं, तर त्यांनी दुसरा कापूस घेऊन माझ्या डोळ्याला टेकवायला आणला, लागला की नाही तेवढ्यात माझं डोकं आपोआप मागे गेलं, डोळ्यातून पाणी. असं व्हायला पाहिजे, म्हणाल्या. आईचं ते बंद पडलंय.

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दात लिहिते. कॉर्निया म्हणजे बुबुळापुढची पारदर्शक काच, मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिनी एकही नसते, ऑक्सिजन बराचसा हवेतून अश्रूंमार्फत मिळतो. मी पटकन म्हटलं, मग रक्तातल्या साखरेचा संबंधच काय. तर साखर डोळ्याच्या आतल्या पाण्यातून तिथे पोचते, आणि मुख्य म्हणजे रक्तवाहिन्या नसल्या तरी नसा आहेत, आणि कशा, तर शरीरात सगळ्यात दाट नसांचं जाळं जिथे असतं त्यातली ही जागा. म्हणूनच धुळीचा एक कण गेला तरी माणूस कासावीस होतो. शुगर वर्षानुवर्षं वर राहिली की पायाच्या नसा जशा मरतात, चप्पल निघून पडली तरी कळत नाही, खिळा रुतला तरी कळत नाही, तसंच इथेही होतं. पायाला जखम झाली की शुगरवाले घाबरतात, पाय रोज बघा म्हणून डॉक्टर सांगतात. डोळ्याचं कोणी सांगत नाही.

आणि नसा फक्त दुखलं-खुपलं कळवायला नसतात हे मला नवीन होतं. त्या वरच्या कातडीला जगवणारे, जखम भरून आणणारे रासायनिक पदार्थही सोडतात. शिवाय डोळ्याला काही टोचलं की अश्रू येतात आणि पापणी मिटते, तो निरोपही त्याच नसा नेतात. नस गेली की निरोप नाही, अश्रू कमी, पापण्या कमी वेळा मिटतात, काच कोरडी पडते, आणि कोरडी पडलेली काच जास्त खरचटते. याचं नाव न्यूरोट्रॉफिक केराटायटिस. आईची दुसरी स्टेज होती, म्हणजे वरचा थर गेलाय आणि भरून येत नाही. तिसरीत आतला थर विरघळायला लागतो आणि काचेला भोकही पडू शकतं.

त्यानंतर पिवळ्या रंगाची पट्टी डोळ्याला लावून निळ्या लाइटमध्ये बघितलं, वरचा थर जिथे गेलाय तिथे हिरवं चमकतं. मॅडमनी स्क्रीनवर आम्हालाही दाखवलं. तीन बाय दोन मिलिमीटरचा हिरवा डाग. असा ओरखडा चांगल्या डोळ्याला झाला असता तर एक ते तीन दिवसात भरला असता, आईचा आठ दिवस उघडा होता.

का भरत नाही याचं दुसरं कारण त्यांनी सांगितलं ते मला भिंतीच्या रंगासारखं वाटलं. पावसाळ्यात भिंतीला ओल असते, वर कितीही चांगला रंग लावा, महिन्याभरात पोपडे येतात, कारण खालचा थरच धरून ठेवत नाही. कॉर्नियाच्या वरच्या पेशी खालच्या एका पातळ थराला घट्ट चिकटून असतात, शुगरमध्ये तो थर जाड आणि बिघडलेला होतो आणि पकड सुटते. म्हणून काहींना सकाळी डोळा उघडतानाच वरचा थर निघतो, बरा होतो, महिन्याने परत निघतो. आईच्या बाबतीत नसा आणि पकड दोन्ही गेलेलं, आणि त्यावर आम्ही स्टेरॉइडचे ड्रॉप टाकत होतो, जे जखम भरणं अजून मंद करतात. लाली कमी झाली ती त्याच्यामुळे, बरं होत होतं म्हणून नाही. हे ऐकून भाऊ तिथेच खाली मान घालून बसला. त्याला दोष देण्यात काही अर्थ नव्हता, पण मेडिकलवाल्याने एक प्रश्न तरी विचारायला हवा होता, काकूंना शुगर आहे का, डोळ्याला काही लागलंय का.

झाडूचं ऐकल्यावर मॅडम सगळ्यात जास्त सावध झाल्या. काडी, पान, गवत, माती असलं काही डोळ्याला लागलं की बुरशीचं इन्फेक्शन व्हायची भीती असते, आपल्याकडे हे खूप होतं म्हणे, आणि तिथे स्टेरॉइड म्हणजे बुरशीला खतपाणी. त्यांनी त्याच वेळी कडेचं थोडं खरवडून स्लाइड केली, अर्ध्या तासात मायक्रोस्कोपखाली बघून सांगितलं की बुरशी दिसत नाही, तरी कल्चरला पाठवलं, बुरशी उगवायला वेळ लागतो म्हणून त्याची वाट दोन आठवडे बघायची. खरवडताना बधिर करायचा ड्रॉप टाकतात. बाजूला बसलेला एक पेशंट त्या ड्रॉपची बाटली घरी नेण्यासाठी मागत होता, त्याला मॅडमनी स्वच्छ नाही म्हणून सांगितलं, तो ड्रॉप रोज टाकला तर काच खराब होते. असं नाही म्हणणारा डॉक्टर मला आवडतो.

औषधांमध्ये दर तासाला अश्रूंचा ड्रॉप, अँटिबायोटिक दिवसातून चार वेळा, रात्री मलम आणि पापणी नीट मिटत नाही म्हणून झोपताना कागदी टेप. अश्रूंचा ड्रॉप प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलाच पाहिजे यावर त्या फार ठाम होत्या. साध्या बाटल्यांमध्ये बऱ्याचदा बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह असतं, दिवसातून दोन-तीनदा टाकलं तर बहुतेकांना चालतं पण दर तासाला टाकलं तर तेच वरच्या पेशींना इजा करतं. महाग पडतात हे ड्रॉप, एक बाटली साडेचारशेच्या आसपास, आणि मेडिकलवाला हमखास म्हणतो की सेम आहे हे घ्या, दोनशेला. सेम नसतं. बाटलीवर वाचून घ्या.

आठवड्याने कल्चरमध्ये काही उगवलेलं नव्हतं आणि डागही वाढला नव्हता, तेव्हा बँडेज लेन्स घातली, म्हणजे नंबर नसलेली मऊ कॉन्टॅक्ट लेन्स, पापणी घासून नवीन पेशी निघू नयेत म्हणून. इथे माझी मोठी तक्रार आहे. एका रविवारी सकाळी आईची लेन्स पडली. उशीवर सापडली. मी क्लिनिकच्या नंबरवर नऊ वेळा फोन केला, कोणी उचलला नाही, इमर्जन्सीसाठी दुसरा नंबर कागदावर कुठेही नाही. शेवटी एका सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेलो, तिथल्या एका तरुण डॉक्टरने बघून सांगितलं की पडलेली लेन्स परत घालू नका, अँटिबायोटिक चालू ठेवा, उद्या दाखवा. हे एक वाक्य क्लिनिकने आधी कागदावर लिहून दिलं असतं तर आमचा तो रविवार असा गेला नसता. ज्या पेशंटच्या डोळ्याला दुखणंच कळत नाही त्याच्या घरच्यांना फोन हाच आधार असतो. मी सोमवारी मॅडमना सांगितलं, त्यांनी माफी मागितली आणि आता कागदावर पेनने एक मोबाइल नंबर लिहून देतात, पण छापील कागद अजून तोच आहे.

कागदावरून आठवलं, सगळ्या सूचना इंग्लिशमध्ये. आई सातवी शिकलेली, मराठी पेपर रोज वाचते पण तो कागद तिच्या काय कामाचा. तीन बाटल्या सारख्याच दिसतात. मी घरी लाल-हिरवे-पिवळे टिकलीचे स्टिकर लावले आणि कॅलेंडरच्या मागे मराठीत वेळा लिहिल्या, मॅडमनी ते बघून फोटो काढून घेतला. दादरमध्ये क्लिनिक चालवताय तर मराठी कागद हवाच हो.

लेन्सने थोडं भरलं, मग थांबलं. तेव्हा त्यांनी आईच्याच रक्तातून बनवलेल्या सिरम ड्रॉपचं सुचवलं. रक्त काढून त्यातलं पाणी वेगळं करतात आणि पातळ करून ड्रॉपसारखं देतात, त्यात जखम भरणारे तेच पदार्थ असतात जे नसांकडून आता मिळत नाहीत. आईला आधी कसंतरीच वाटलं, रक्त डोळ्यात घालायचं म्हणजे काय, पण ते लाल नसतं, फिकट पिवळसर असतं, आणि तिचं स्वतःचंच. एक बाटली फ्रिजमध्ये, बाकीच्या फ्रीझरमध्ये, भांडुपमध्ये लाइट गेली की वहिनी फ्रिज उघडू द्यायची नाही कोणाला. परदेशात सेनेजर्मिन नावाचं नसांसाठीचं खास औषध २०१७ मध्ये मंजूर झालंय असं मॅडमनी सांगितलं, पण ते प्रचंड महाग, आणि आईला त्याची गरज लागली नाही. एकतिसाव्या दिवशी निळ्या लाइटमध्ये हिरवं काही दिसलं नाही. आईने तेव्हा पहिल्यांदा विचारलं की मग आता गणपती झाले त्याचे मोदक कधी करू, आणि मॅडम हसल्या, पण लगेच शुगरवर आल्या.

कारण तोवर एचबीएवनसीचा रिपोर्ट आला होता, ९.४. मॅडमनी आमच्या शुगरच्या डॉक्टरांना स्वतः चिठ्ठी लिहून दिली, डोळ्यात काय झालंय आणि का, हे सगळं. सतरा वर्षांत कुठल्याही डोळ्याच्या डॉक्टरने शुगरच्या डॉक्टरला असं पत्र लिहिलेलं आम्ही पहिल्यांदा बघितलं. शुगरच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं, तीन महिन्यांनी ७.६ आलं. गेलेली नस त्याने लगेच परत येत नाही, पण आहेत त्या टिकतील आणि पुढची जखम लवकर भरेल एवढं मॅडम म्हणाल्या, खोटी आशा दाखवली नाही.

डोळा शांत झाल्यावर बाकीच्या टेस्ट केल्या. कागदाची पट्टी पापणीत अडकवून पाच मिनिटं ठेवतात, दहा मिलिमीटरच्या वर ओली झाली तर बरं, आईची उजवीकडे चार, डावीकडे सहा. अश्रूंचा थर दहा सेकंद तरी टिकायला हवा, आईचा चार सेकंदात फाटतो. आणि एक स्पेक्युलर म्हणून टेस्ट, काचेच्या सगळ्यात आतल्या थराच्या पेशी मोजतात. हे मला खूप इंटरेस्टिंग वाटलं. हिंदमाताला पावसात पाणी उपसायला पंप लावतात ना, तसं या पेशी दिवसरात्र कॉर्नियातलं पाणी बाहेर उपसत असतात, म्हणून ती काच पारदर्शक राहते. पंप कमी पडले की काच सुजते आणि धुरकट होते. या पेशी मेल्या की नवीन तयार होत नाहीत, उरलेल्या पसरून जागा भरतात. मोठ्या माणसात साधारण अडीच हजार प्रति चौरस मिलिमीटर असतात, आईच्या उजव्या डोळ्यात १९८० आणि डाव्यात २१५०, आणि आकार सगळे लहान-मोठे, वेडेवाकडे, ते शुगरवाल्यांमध्ये जास्त दिसतं.

याचा उपयोग काय, तर आईला मोतीबिंदू सुरू झालाय. दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला आधीच ऑपरेशनची तारीख देऊन झाली होती, काचेची संवेदना, अश्रू, पेशी, काही न बघता. मॅडम म्हणाल्या ऑपरेशन करता येईल, घाबरायचं कारण नाही, पण आधी पुढची काच तीन-चार महिने शांत राहू दे. कोरड्या, खरबरीत काचेवर घेतलेली मापं चुकतात आणि आत बसवायच्या लेन्सचा नंबर चुकू शकतो. ऑपरेशनमध्ये थोड्या पंप-पेशी जातातच, त्यामुळे सर्जनला हे आकडे आधी माहीत हवेत. आणि ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून जे डायक्लोफिनॅक, केटोरोलॅक असले ड्रॉप देतात ते आईसारख्या डोळ्यात विचार करूनच, कारण क्वचित त्याने काच वितळल्याची उदाहरणं आहेत. हे सगळं एका पानावर लिहून दिलंय, मी ते लॅमिनेट करून घेतलंय.

पैशाचं सांगते. पहिली फी हजार, नंतर प्रत्येक वेळी सहाशे. खरवडणं आणि कल्चर मिळून अठराशे, बँडेज लेन्स सातशेला एक, दोन लागल्या. स्पेक्युलर बाराशे. सिरम एका महिन्याचं बावीसशे, दोन महिने घेतलं. ड्रॉपसकट सगळं मिळून पंचवीस हजारांच्या आसपास गेले पाच महिन्यांत. आमच्यासाठी कमी नाही. पण कुठलीही टेस्ट उगाच केली असं वाटलं नाही, सिरमआधी मॅडमनी विचारलंही की खर्च झेपेल का, नाहीतर सरकारी हॉस्पिटलला चिठ्ठी देते. बिल प्रत्येक वेळी दिलं, जीपे चालतं. क्लिनिकमधलंच मेडिकल थोडं आग्रह करतं पण बाहेरून घेतलं तरी कोणी तोंड वाकडं करत नाही.

वेटिंगमध्ये भिंतीवर नेत्रदानाचं पोस्टर आहे, २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा. आईने एकदा मॅडमना विचारलं, मला शुगर, माझे डोळे काय कोणाच्या उपयोगाचे. त्या म्हणाल्या शुगर असली तरी नेत्रदान करता येतं, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कळवायला हवं, काच वापरायची की नाही ते आयबँक तपासून ठरवते. आईने फॉर्म घरी आणला आणि देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, आम्हा दोघांच्या सह्या घेऊन.

मी हे एवढं लांबलचक का लिहिलं, तर २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभरच्या पाहणीत भारतात दहा कोटींच्या वर लोकांना मधुमेह असल्याचं निघालं. आमच्या एका मजल्यावर चार घरं, त्यातल्या तीन घरांत शुगर. त्या तिन्ही घरांत मी जाऊन विचारलं, कॉर्निया कधी तपासलाय का. कोणीच नाही. सगळे म्हणतात डोळा दुखला की जाऊ. आईचा दुखलाच नाही ना. आणि कॉन्टॅक्ट लेन्स लावणारी, शुगर असलेली तरुण पोरंही आहेत, त्यांना तर इन्फेक्शनचा धोका अजून जास्त, मॅडम त्यांना लेन्स घालून झोपण्याबद्दल फार बोलतात.

आता आईला उजव्या डोळ्याने चष्मा लावून सहा बाय नऊ दिसतं, सहा बाय सहा म्हणजे पूर्ण. एक फिकट डाग राहिलाय बाजूला, मध्यभागी नाही म्हणून वाचताना अडत नाही. वहिनी रोज सकाळी चहाच्या आधी तिला खिडकीजवळ नेऊन दोन्ही डोळे बघते, लाल आहे का, पांढरं काही आहे का. माळ्यावरची जळमटं आता भाऊ काढतो, तोही चष्मा लावून.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो रविवारच्या फोनसाठी आणि इंग्लिश कागदासाठी. तपासणीसाठी सहा दिले असते. जाणार असाल तर सकाळी साडेआठला पोचा, टोकन तेव्हा देतात, नंतर गेलात तर दुपार होते. घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या ड्रॉपच्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या आणि शेवटचा एचबीएवनसीचा रिपोर्ट. सोबत शाल ठेवा. आमची पुढची अपॉइंटमेंट होळीनंतरच्या आठवड्यात आहे, मोतीबिंदूची तारीख ठरवायला, ती झाली की इथेच खाली लिहीन.